कोल्हा, चिंटू आणि अमरीश पुरींचा रावण



२८ ऑगस्टला शुक्रवार आहे आणि त्याच दिवशी राखी पौर्णिमा. आमच्याकडे त्या आठवड्याच्या रजेवरून आत्तापासून ओढाताण सुरू झाली आहे. ज्यांना बहिणी आहेत ते अर्ज घेऊन उभे, ज्यांना नाहीत तेही मानलेल्या बहिणी शोधून उभे. मी अर्ज केलेला नाही. मला फक्त त्यानंतरच्या रविवारचा आउटपास हवा आहे, आणि त्याचं कारण सांगायला चाळिशीकडे झुकलेल्या माणसाला जरा लाज वाटते. त्या शुक्रवारी कार्टूनचा एक सिनेमा येतोय आणि मी त्याची अडीच वर्षं वाट बघतोय.

सिनेमाचं नाव ‘कोयोटी व्हर्सेस ॲक्मी’. लूनी ट्यून्समधला वाळवंटातला तो हडकुळा प्राणी आठवा. एका लांब मानेच्या पक्ष्यामागे तो जन्मभर पळतो आणि दर वेळी कड्यावरून खाली जातो. पक्षी ‘बीप बीप’ करून धुरळा उडवत निघून जातो. त्या प्राण्याला इंग्रजीत कोयोटी म्हणतात, पण आमच्या गावात त्याला सगळे कोल्हा म्हणायचे आणि पक्ष्याला कोंबडा. मीही इथे कोल्हाच म्हणणार.

या सिनेमात कोल्हा कोर्टात जातो. ज्या ॲक्मी कंपनीचं सामान आयुष्यभर त्याच्याच तोंडावर फुटलं, तिच्यावर तो दावा ठोकतो. मूळ कल्पना इयन फ्रेझर या अमेरिकी विनोदी लेखकाची. १९९० साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये त्याने कोल्ह्याच्या वकिलाचं कोर्टातलं निवेदन लिहिलं होतं, अगदी गंभीर कायदेशीर भाषेत. सिनेमात कोल्ह्याचा वकील झालाय विल फोर्टे आणि कंपनीच्या बाजूने उभा आहे जॉन सीना. हो, तोच, कुस्तीवाला. आमच्या बराकीतली निम्मी पोरं केवळ सीनासाठी तिकीट काढतील.

पण मी कोल्ह्यासाठी जाणार. आणि मला खात्री आहे की हे वाचणाऱ्या माजी सैनिकांपैकी बऱ्याच जणांना हा कोल्हा आपला वाटेल.

तो काय करतो बघा. आधी जमिनीची रेकी करतो. मग नकाशा काढतो, बाणबिण दाखवून. मग सामानाची इंडेंट पाठवतो. सामान लगेच येतं, आणि एवढ्या एकाच बाबतीत तो आपल्यापेक्षा नशीबवान आहे. मग पोझिशन घेऊन दबा धरून बसतो. टार्गेट येतं. आणि ऐन वेळी स्प्रिंग उलट्या बाजूला सुटते, नाहीतर धोंडा त्याच्याच डोक्यावर येतो. धुरातून काळाठिक्कर होऊन बाहेर पडतो, आणि पुढच्या सीनला परत नकाशा पसरून बसलेला. राजस्थानच्या रेतीत ज्याने एक तरी एक्सरसाइज केली आहे, त्याला यात कार्टून दिसणार नाही. डिब्रीफिंग दिसेल.

हा कोल्हा १९४९ सालचा. चक जोन्स आणि मायकेल माल्टीझ या दोघांनी तो उभा केला. जोन्सने पुढे आपल्या पुस्तकात या जोडीचे नियम लिहून ठेवलेत. पक्षी कोल्ह्याला मुद्दाम इजा करत नाही, ‘बीप बीप’ सोडून संवाद नाही, कोल्ह्याचा मोठा शत्रू म्हणजे गुरुत्वाकर्षण, आणि सगळ्यात भारी नियम असा की कोल्ह्याला वाटलं तर तो कधीही थांबू शकतो. पण थांबत नाही.

आम्ही गावात कार्टून बघायला लागलो ते नव्वदीच्या शेवटी. कार्टून नेटवर्क आपल्या देशात १९९५ ला आलं, पण आमच्या भागात, म्हणजे साताऱ्याच्या त्या पट्ट्यात जिथे घरटी एक माणूस फौजेत असतो, केबलची वायर पोचायला वेळ लागला. चुलत्यांच्या घरी टीव्ही होता. रात्र झाली की त्याच चॅनलवर कार्टून संपून जुने इंग्रजी सिनेमे लागायचे, आणि मग चुलते उठून टीव्ही बंद करायचे. आम्हाला इंग्रजी येत नव्हतं. टॉम आणि जेरी, आणि हा कोल्हा, एवढेच पूर्ण कळायचे, कारण ते बोलतच नव्हते.

याची खरी किंमत मला पुढे कळली. २०११ च्या सुमारास एका कोर्सला होतो. सगळ्या रेजिमेंटची पोरं. टीव्ही रूम एक, रिमोट एक. तमिळ पोरांना त्यांचा सिनेमा हवा, बिहारवाल्यांना गाणी, आम्हाला क्रिकेट. नागालँडचा एक जण कोपऱ्यात बसून गप्प बघायचा, त्याला कुणी काही विचारतच नव्हतं. एक दिवस भांडणात चॅनल बदलता बदलता कोल्हा लागला. कोल्ह्याने पाठीवर रॉकेट बांधलं होतं. कुणी चॅनल पुढे नेलं नाही. रॉकेट सुटलं, कोल्हा कड्याच्या बुडाला आपटला, आणि तो नागा पोरगा इतका मोठ्याने हसला की आम्ही सगळे वळून त्याच्याकडे बघायला लागलो. तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला होता. त्यानंतर रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास कार्टून हे ठरूनच गेलं.

आता या सिनेमाची भानगड सांगतो, कारण अडीच वर्षं वाट बघायची वेळ तिच्यामुळे आली.

सिनेमा तयार झाला होता. लोकांना दाखवून चाचण्याही झाल्या होत्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने ठरवलं की तो दाखवायचाच नाही. खर्च तोट्यात टाकायचा आणि करात सवलत घ्यायची. सुमारे तीन कोटी डॉलरचा हिशेब होता असं तेव्हा छापून आलं. आदल्या वर्षी ‘बॅटगर्ल’ नावाचा जवळजवळ पूर्ण झालेला सिनेमा याच वाटेने गेला होता. फौजेतल्या माणसाला हा प्रकार चटकन कळतो. गाडी चालू, इंजिन ठणठणीत, टायर नवे, आणि कागदावर बी.ई.आर. म्हणजे दुरुस्तीचा खर्च परवडत नाही, भंगारात काढा.

शेकडो लोकांनी वर्षं घालवून केलेलं काम असं कुलूपबंद करता येतं, आणि कायद्यात त्यात काही गैर नाही, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. ज्याने पैसा घातला त्याचा माल, हे मान्य. पण कोल्ह्याला सत्तर-ऐंशी वर्षं जिवंत ठेवलं ते बघणाऱ्यांनी. त्या आमच्या टीव्ही रूमचाही त्यात एक दमडीभर वाटा आहे असं मी समजतो. त्यामुळे जगभरच्या चाहत्यांनी आणि सिनेमावाल्यांनी तेव्हा जो गोंधळ घातला तो मला योग्य वाटला. कंपनीने मग दुसरं गिऱ्हाईक शोधायची मुभा दिली. तरी पुढे वर्षभर काही हललं नाही. मार्च २०२५ मध्ये केचप एंटरटेनमेंट नावाच्या एका छोट्या कंपनीने सिनेमा घेतला आणि त्या उन्हाळ्यात तारीख जाहीर केली, २८ ऑगस्ट २०२६.

इथपर्यंत मी चाहत्यांच्या बाजूने. यापुढे नाही, आणि त्यावरूनच आमच्या सुभेदार साहेबांशी माझा वाद चालू आहे.

सध्या पोस्टिंग गुरुग्राम जिल्ह्यात, मानेसरच्या बाजूला. ड्यूटीबद्दल लिहायचं नाही, त्यामुळे ते राहू दे. सुभेदार साहेब कोल्हापूरचे. येत्या ३१ ऑगस्टला पेन्शनवर जाणार. चहाचा ग्लास हातात घेऊन ते एकच गोष्ट सांगतात. “जुनं ते काढूच नये बाहेर. काढतात आणि नासवतात. तू रामायणाचं काय झालं ते बघितलंस ना?”

साहेब ज्याबद्दल बोलतात ती कथा अशी. ‘रामायणा : द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ हा जपान आणि भारताने मिळून केलेला कार्टूनचा सिनेमा. युगो साको नावाचे जपानी दिग्दर्शक १९८३ मध्ये इकडे एका माहितीपटासाठी आले होते. पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या उत्खननाचं काम अलाहाबादकडे चालू होतं, त्यावरचा तो माहितीपट. तिथे रामायण त्यांच्या डोक्यात शिरलं आणि पुढची दहा वर्षं निघालं नाही. परदेशी माणूस रामाचं कार्टून करतोय म्हणून इकडे आधी विरोध झाला. शेवटी चित्रं जपानमध्ये झाली. हाताने काढलेली चित्रं लाखाच्या घरात. आपल्याकडून राम मोहन दिग्दर्शनात होते. हे फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ पासून घडलेले गृहस्थ. संगीत वनराज भाटियांचं, आणि संस्कृत गाणी लिहिली वसंत देवांनी, ज्यांनी तेंडुलकरांचा ‘घाशीराम’ हिंदीत नेला. म्हणजे जपानी रामायणात मराठी धागाही आहे, पण हे आपल्याकडे फार कुणी सांगत नाही.

जानेवारी १९९३ मध्ये हा सिनेमा दिल्लीत इफ्फीला दाखवला. त्या महिन्यातलं देशाचं वातावरण ज्यांना आठवतं त्यांना पुढचं सांगायला नको. देशभरच्या थिएटरांत तो तेव्हा नीट पोचलाच नाही. आमच्या पिढीने बघितला तो टीव्हीवर, हिंदीत. रामाचा आवाज अरुण गोविलांचा, रावणाचा अमरीश पुरींचा, निवेदन शत्रुघ्न सिन्हांचं. (अमेरिकेत गेलेल्या आवृत्तीत रामाचा आवाज ब्रायन क्रॅन्स्टनचा आहे. ‘ब्रेकिंग बॅड’ बघणारी आमची नवी पोरं यावर विश्वास ठेवत नाहीत.)

मग बातमी आली की हा सिनेमा झाडून पुसून मोठ्या पडद्यावर येणार. तारीख १८ ऑक्टोबर २०२४. तेव्हा नुकतीच फॅमिली इकडे आली होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही तिघे एका छपराखाली. मी घरी जाहीर करून टाकलं की दसरा-दिवाळीला रामायण. तारीख पुढे गेली. दिवाळी गेली. शेवटी २४ जानेवारी २०२५ ला लागला, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या दोन दिवस आधी. दिल्लीच्या आसपास ज्यांनी जानेवारी काढलाय त्यांना ठाऊक आहे, त्या दिवसांत आउटपास हा शब्दही उच्चारत नाहीत. आम्हाला २ फेब्रुवारीचा रविवार मिळाला.

सकाळचा शो. मानेसरहून निघालो तेव्हा धुकं होतं, हिरो होंडा चौकाच्या पुढे ट्रॅफिक, राजीव चौकात आणखी ट्रॅफिक. बायको म्हणाली, “अहो, एवढ्यात आपण साताऱ्याहून कराडला पोचलो असतो.” मॉलमध्ये पॉपकॉर्नचा भाव बघून मी मनातल्या मनात कॅन्टीन कार्डाला नमस्कार केला. मुलीचं वय तेव्हा नऊ. आजूबाजूला निम्मे माझ्या वयाचे लोक होते, पोरांना घेऊन आलेले, आणि खरं सांगायचं तर पोरांपेक्षा तेच जास्त उतावीळ.

दिवे गेले. चित्र आलं आणि मी थक्क झालो. चुलत्यांच्या चौदा इंची टीव्हीवर जे बघितलं होतं ते इतकं सुंदर होतं हे मला ठाऊकच नव्हतं. जंगलाचा हिरवा रंग, समुद्र, कुंभकर्णाचं उठणं. आणि मग पात्रं बोलायला लागली आणि माझा मूड गेला. आवाज नवे होते. नव्या पडद्यासाठी हिंदी नव्याने केलं होतं, ‘बाहुबली’चे लेखक विजयेंद्र प्रसाद त्या कामात होते, करणारे कलाकारही कसलेले. पण माझा रावण अमरीश पुरी. त्या आवाजाची वाट बघत मी तीस किलोमीटर धुक्यातून आलो होतो.

मध्यंतरात मी बायकोला तक्रार करायला लागलो. मागच्या रांगेतल्या एका सद्गृहस्थांनीही “सही कह रहे हो भाई साहब” करून साथ दिली. आणि मुलगी मध्येच म्हणाली, “बाबा, अमरीश पुरी कोण?”

मी सांगितलं, आधी रावणाचा आवाज त्यांचा होता.

“मग हा रावण नाही का?”

तिला मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक पॉपकॉर्न पुढे केला. पण तो प्रश्न घेऊन मी घरी आलो, कारण तोच प्रश्न तिने मला आधी एकदा विचारला होता, माझ्याच बाबतीत.

२०१८ चा ऑक्टोबर. मी कुपवाड्याच्या बाजूला होतो. सलग सात महिन्यांनी सुट्टी मिळाली. मुलगी अडीच वर्षांची. या काळात ती मला रोज, म्हणजे नेटवर्क असेल त्या रोज, फोनवर बघायची. फोनमधला बाबा म्हणजे तळहाताएवढा चौकोन, कधी थिजलेला, कधी आवाज पुढे आणि ओठ मागे. ती त्या चौकोनाला घास भरवायची. मी घरी पोचलो, दारात बॅग ठेवली, हात पसरले, आणि पोरगी आजीच्या पदरामागे गेली. आई म्हणाली, “अगं, बाबा आला.” तिने मान हलवली आणि टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवलं. बाबा तिथे असतो. हा बाबा नाही.

ज्यांच्या वाट्याला हे आलंय त्यांना ते समजेल. आणि फौजेत हे बहुतेक सगळ्यांच्या वाट्याला येतं. दोन दिवस ती माझ्या जवळ आली नाही. तिसऱ्या दिवशी मी शेजारच्या खोलीत जाऊन घरच्या फोनवर व्हिडिओ कॉल लावला. तिने चौकोनात मला बघितलं, खूश झाली, आणि मी बोलता बोलता चालत दारात आलो. ती एकदा फोनकडे बघत होती, एकदा माझ्याकडे. मग उठून आली आणि माझ्या दाढीला हात लावून बघितला. फोनमध्ये दाढी टोचत नव्हती.

आई-वडिलांचंही तेच होतं, फक्त ते पदरामागे जात नाहीत. त्यांना गेलेला एकोणीस वर्षांचा पोरगा परत हवा असतो. ते त्याच्या आवडीचं जेवण करतात, आणि ती आवड मध्ये कधीतरी सुटलेली असते. “पूर्वी तू असा नव्हतास” हे वाक्य सुट्टीवर आलेल्या प्रत्येक जवानाने ऐकलंय. बोलणाऱ्याचा हेतू प्रेमाचाच असतो. पण ऐकणाऱ्याला ते जड जातं.

म्हणून चाहत्यांची ‘आमचं बालपण नासवलं’ ही ओरड ऐकली की आता मला थोडं अवघडतं, आणि मी स्वतः ती ओरड केलेली आहे. वाट बघितली म्हणून येणाऱ्याने जसाच्या तसा यावं, ही मागणी जरा जास्तच झाली. सुभेदार साहेबांना मी हेच म्हणतो. जुना आवाज हवा असेल तर जुनी प्रत आहे, बघा. पण त्या रविवारी थिएटरात जी पोरं पहिल्यांदा रामायण बघत होती त्यांच्यासाठी तोच रावण खरा. माझ्या मुलीने घरी येऊन उशीचा डोंगर केला आणि हनुमान झाली. तिला काही कमी पडलं नव्हतं.

आणि मला हे आधीच कळायला हवं होतं. कारण चिंटूच्या वेळी मी हीच चूक केली होती.

चिंटू मराठी वाचकाला सांगायला नको. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी नोव्हेंबर १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये तो सुरू केला. आमच्याकडे पेपर एसटीने यायचा, दुपारी. वडील फौजेत, आजोबा आधी चष्मा शोधायचे आणि मग पहिलं पान वाचायचे, तोवर आम्ही दुसऱ्या बाजूने चिंटू वाचून काढायचो. पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू. तीन-चार चौकटींत संपणारी गंमत. भरती झाल्यावर सुरुवातीला आई पत्राच्या पाकिटात चिंटूची कात्रणं घालायची. बेळगावला ट्रेनिंगमध्ये ती कात्रणं बराकीत हातोहात फिरायची, आणि एका उस्तादांनी जप्त केलेली कात्रणं स्वतः वाचून मग परत केली होती.

२०१२ मध्ये चिंटूचा सिनेमा येणार असं कळलं. श्रीरंग गोडबोले दिग्दर्शक, १८ मेला प्रदर्शित. गावाकडचे मित्र फोनवर त्याच गप्पा मारायचे. मला मात्र भीती वाटत होती. चिंटू म्हणजे कागदावरच्या रेघा. त्याला हाडामांसाचा पोरगा कसा चालेल? त्याचा आवाज कसा असेल? वीस वर्षं मी चिंटू वाचत होतो तेव्हा माझ्या डोक्यात त्याचा आवाज माझ्या धाकट्या भावाचा होता. शुभंकर अत्रे या मुलाने ते काम केलं. सुट्टीवर असताना मी बघितला आणि पहिली वीस मिनिटं नुसता खोट काढत बसलो. केस असे नाहीत, मिनी अशी नाही. थिएटरातली पोरं मात्र शिट्ट्या मारत होती. त्यांच्यातल्या निम्म्यांनी पेपरातला चिंटू वाचलाही नसेल. पुढच्या उन्हाळ्यात दुसरा भाग आला, ‘खजिन्याची चित्तरकथा’. तेव्हा मी पोस्टवर होतो, माझी निराशा व्हायची संधी हुकली.

आज वाटतं, तो पोरगा पदरामागून बघणाऱ्या माझ्याकडे हात पसरून उभा होता, आणि मी पेपराकडे बोट दाखवत होतो.

पण मग काहीही बदललं तरी चालेल का? इथे सुभेदार साहेबांचा मुद्दा मी अर्धा मान्य करतो. प्रत्येक पात्रात एक हाड असतं, ते मोडलं की पात्र उभं राहत नाही. १९९२ मध्ये टॉम आणि जेरीचा मोठा सिनेमा काढला आणि त्यात दोघांना बोलायला लावलं, गाणीसुद्धा म्हणायला लावली. १९४० पासून जे दोघे एक वाक्य धड न बोलता जगभर कळत होते, त्यांना वाचा दिली आणि ते साधे उंदीर-मांजर झाले. ते हाड होतं. २०२१ च्या सिनेमात बाकी सगळं बदललं. माणसं खरी, न्यूयॉर्कचं हॉटेल, त्यात एक भारतीय लग्न, हत्तीबित्ती. मला ते लग्न फारसं आवडलं नाही, अगदी आपल्याला दाखवायला म्हणून आणल्यासारखं वाटतं. पण टॉम आणि जेरी परत गप्प होते, आणि म्हणून तो सिनेमा मी पोरीबरोबर तीनदा बघितला.

हाड कोणतं आणि कातडं कोणतं हे चाहत्यांना कळतं असं मला वाटत नाही. मला रावणाचा आवाज हाड वाटला होता. मुलीच्या लेखी ते कातडं निघालं. हे ओळखायचं असेल तर ज्याने पात्र आधी बघितलेलं नाही त्याला शेजारी बसवून बघावं. तो हसला तर हाड शाबूत आहे.

कोल्ह्याच्या बाबतीत मला फक्त दोन गोष्टी हव्या आहेत. तो बोलू नये, आणि त्याने सोडून देऊ नये. कोर्टात जिंकला की हरला याच्याशी मला कर्तव्य नाही. सीनाने त्याला कितीही उचलून आपटावं. रंग, गाणी, विनोद, काय बदलायचं ते बदला. आणि तो इकडच्या मोठ्या पडद्यावर लागावा, गुरुग्रामसारख्या ठिकाणी लागावा. इथे मॉलमागून मॉल आहेत, आणि त्यांच्या मागच्या गल्ल्यांत बंगालपासून मराठवाड्यापर्यंतची माणसं कामाला आली आहेत, त्यांच्या पोरांची शाळेतली भाषा एक आणि घरातली दुसरी. न बोलणारा कोल्हा त्या सगळ्या पोरांना एकदम कळेल. फोनच्या चौकोनात नको. चौकोनाचा मला जरा रागच आहे.

काल संध्याकाळी साहेबांना हे सगळं परत ऐकवलं. त्यांचं सामान बांधणं चालू आहे, काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने नाव आणि गाव लिहून झालंय. वाळायला ठेवलेल्या ट्रंकेकडे बघत त्यांनी चहा संपवला.

“त्या रविवारी मी इथेच आहे,” ते म्हणाले. “माझंही एक तिकीट काढ. पण आधी चौकशी कर. कोल्ह्याचा आवाज जुनाच ठेवलाय ना?”

“साहेब, तो बोलतच नाही.”

“कधीच?”

“पाट्या दाखवतो.”

साहेबांनी ग्लास खाली ठेवला. “मग दोन काढ,” म्हणाले. “घरच्यांना पण घेऊन येतो.”